दाब गेलेलं इंजिन

मला हॉस्पिटलात न्यायचं म्हटलं की मी आधी रुमाल नाकाला लावते. मुलगी वैतागते. ‘आई, ईथर आता कुठे वापरतात? तो वास येतच नाही इथे,’ असं ती दर वेळी सांगते आणि मी दर वेळी ‘बरं’ म्हणते. तिचं खरं आहे. पण मला तो येतो. गुळचट, थंड, नाकातून सरळ डोक्यात चढणारा. ज्या वर्षी आमच्या घराला हा वास लागला, त्या वर्षाबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. सणावारी सगळे जमतात, वडीलधाऱ्यांच्या आठवणी निघतात, आणि गाडी त्या वर्षापाशी आली की कुणीतरी उठून पाणी प्यायला जातं. मी आता सत्तरीला टेकले आहे. पाणी पिऊन पिऊन किती पिणार?

आमचं घर गास गावात, वाडीत. पुढच्या अंगणातून पाहिलं तर केळी, तिच्यामागे पानवेली, कडेला मोगरा आणि सोनचाफा, आणि घराच्या मागे बावखल. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं. त्यात बाबांची बदकं असायची. पहाटे पहिला आवाज बदकांचा, मग देवळाच्या घंटेचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो, अजून म्हणतो. मग आईच्या हातांचा, तांदळाची भाकरी थापताना येतो तो. घरात माणसं चारच. बाबा, आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आंतोन, आणि मी, रेजिना. घरची आमची बोली अशी, की माणिकपूरचा दुकानदारसुद्धा ‘काय म्हणालात?’ विचारायचा. ती इथे लिहीत बसले तर माझ्या नातवंडांनाच दुभाषा लागेल. म्हणून सगळ्यांना कळेल असंच लिहिते आहे.

आईचा सख्खा भाऊ, लुईसमामा, बोटीवर होता. तो यायचा तेव्हा घरात साबणाचा, सिगारेटचा आणि परदेशाचा वास यायचा. एका खेपेला त्याने आंतोनसाठी एक इंजिन आणलं. मुठीत मावेल एवढं. खेळण्यातल्या विमानाचं, पण खरं इंजिन. त्याला पिस्टन होता, सिलिंडर होता, पुढे लाकडी पंखा लावायची दांडी होती आणि डोक्यावर एक आडवी कांडी असलेला स्क्रू होता. मामाने ते कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून उचललेलं होतं. ‘चालतं का?’ बाबांनी विचारलं. ‘विकणारा तर चालतं म्हणाला,’ मामा म्हणाला. आई म्हणाली, ‘विकणारा काय न चालणारं म्हणून विकेल?’ आम्ही हसलो. आईचं बोलणं असंच. ती खरं बोलायची आणि आम्ही हसायचो.

या इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरात शिरलेलं इंधन आणि हवा पिस्टन वर येऊन दाबतो, दाबल्याने ती तापते, आणि तापली की आपोआप पेट घेते. सायकलचा पंप तोंडाशी अंगठा धरून दाबा, पंप गरम लागतो. तेच. म्हणजे या इंजिनाचा सगळा जीव दाबात. आंतोन त्याला कॉम्प्रेशन म्हणायचा, कॉलेजात शिकलेला शब्द, आणि तोंड भरून म्हणायचा. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधून हवा निसटायला लागली, की दाब बसत नाही, हवा तापत नाही, आणि तुम्ही पंखा दिवसभर बोटाने मारत बसलात तरी ते ढिम्म राहतं. दाब चांगला असला तर पंखा बोटाने फिरवताना मध्येच अडतो, आणि जरा रेटला की टुणकन पलीकडे उडी मारतो. ती उडी मला फार आवडायची. आंतोन अभ्यासाला बसला की मी ते इंजिन हातात घेऊन नुसती तेवढी उडी घेत बसायची.

आंतोनने बाल्साच्या, म्हणजे पिसासारख्या हलक्या लाकडाचं विमान केलं, पंखांवर कागद ताणून चिकटवला. हे विमान मोकळं सोडायचं नाही. त्याला दोन बारीक पोलादी तारा, त्यांचं दुसरं टोक उडवणाऱ्याच्या मुठीत. माणूस मध्ये उभा राहून गोल फिरतो, विमान त्याच्याभोवती घोंघावत फेऱ्या मारतं. इंधन घरीच करायचं. एक भाग रॉकेल, एक भाग ईथर, एक भाग तेल. ईथर आंतोनच्या ओळखीने मुंबईहून एका औषधांच्या पुरवठादाराकडून यायचं, तपकिरी बाटलीतून. आणि तेल, इंजिनाबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं तसं, एरंडेल हवं होतं.

इथे आमच्या घराची अक्कल आडवी आली. बाबा म्हणाले, ‘एरंडेल कशाला? पोट साफ करायचंय का इंजिनाचं? आपल्या नारळाचं तेल आहे, घाण्यावरचं. याच्यापुढे जगात तेल नाही.’ आमच्या खोबरेलाबद्दल बाबांना भलता अभिमान. भाजलं तर खोबरेल, केस गळले तर खोबरेल, बिजागरी कुरकुरली तर खोबरेल. आंतोनलाही पटलं. कॉलेजात शिकणारा मुलगा, पण वाडीचाच. इंजिन खोबरेलावर सुरू झालंही. देवळामागच्या मैदानात पहिल्यांदा ते विमान वर गेलं तेव्हा बाबा असे काही टाळ्या वाजवत होते की फादरही बाहेर आले. वाडीतल्या बायका मोगरा खुडायच्या थांबल्या. माझ्या बापाला एवढं आनंदी मी नंतर पाहिलं नाही, आणि नंतर पाहायला फारसा वेळही मिळाला नाही.

डिसेंबरात आमच्याकडे सकाळी थंडी पडते. खोबरेल बाटलीत पांढरं गोठतं. हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत. आई रोज सकाळी तेलाची बाटली उन्हात ठेवायची तेव्हा कुठे केसांना तेल मिळायचं. पण जे बाटलीत गोठतं ते इंजिनाच्या बारीक नळीतही गोठेल, आणि पिस्टन तेलावाचून सुका घासत राहील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. नाताळच्या सुट्टीभर आंतोनने रोज सकाळी विमान उडवलं. इंजिन किंचाळायचं, आम्हाला वाटायचं जोरात चाललंय. सणाचे फुगे, मैद्याचे गोळे, तळले जात होते, डुकराच्या आंबट-तिखट इंद्यालाचा वास अंगणात पसरला होता, आणि मैदानावर ते इंजिन आतल्या आत स्वतःला खात होतं.

जानेवारीच्या शेवटी एकदा मी ते हातात घेतलं आणि पंखा फिरवला. उडी आली नाही. पंखा नुसता गोल फिरला, सैल, आणि आतून ‘स्स्स’ असा बारीक आवाज आला. मी आंतोनला हाक मारली. त्याने फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं, कानाशी धरलं.  त्याचा चेहरा उतरला.

त्याच सुमारास त्याच्या कॉलेजातले विमानविद्या शिकवणारे सर आमच्याकडे आले. उंच, खाकी शर्ट घालणारे, बोलायला कडक पण जेवायला मोकळे. आईने केलेली सुक्या बोंबलाची चटणी त्यांनी तीनदा मागून घेतली. जेवणानंतर त्यांनी इंजिन पाहिलं. ‘कॉम्प्रेशन गेलंय रे. कुठलं तेल वापरतोस?’ आंतोनने सांगितलं. सरांनी बाबांकडे एकदा पाहिलं, पाहुणे होते. एवढंच म्हणाले, ‘याला नवा पिस्टन आणि पिस्टनभोवतीची नवी नळी लागेल. इथे मिळायची नाही. यापुढे एरंडेलच घाल.’ मग त्यांनी जे सांगितलं त्याने आमचं घर बदललं. विमानांच्या दुरुस्तीचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत ते दर वर्षी एक मुलगा पाठवायचे. ‘तुमच्या गावचा मे महिन्यातला सण असतो ना? तेव्हा मी येतो. टाकीभर इंधन संपेपर्यंत न थांबता उडवून दाखव. तुझं नाव मी पुढे पाठवतो.’

खऱ्या विमानांना हात लावायला मिळणार होता! आंतोन रात्रभर जागा होता. वाडी त्याला आवडत नव्हती असं नाही, पण त्याचं डोकं मातीत रमत नव्हतं आणि बाबांना ते कळत होतं. बाबांनी मामाला पत्र टाकलं, नवा पिस्टन पाठव म्हणून. पण मामा कुठल्या समुद्रात होता देव जाणे. उत्तर येईना. मग आंतोनने जुन्याच इंजिनाची मनधरणी सुरू केली.

पहिला उपाय, तेलाचे थेंब. धूर बाहेर पडायच्या भोकातून एरंडेलाचे चार थेंब सोडले की पिस्टनच्या कडेची फट तेलाने बुजते, दाब आल्यासारखा वाटतो, इंजिन सुरू होतं. पण तापलं की तेल पातळ होतं, फट उघडी पडते, आणि चांगलं गुणगुणणारं इंजिन हवेतच गप्प होतं. मग त्याने डोक्यावरचा स्क्रू पिळून पिळून दाब वाढवायचा प्रयत्न केला. थोडं जमलं. मग फसलं. शेवटी तिसरा उपाय. ईथर चटकन पेट घेतं, कमी दाबातही पेट घेतं. तेव्हा इंधनात ईथरचा भाग वाढवायचा. आठवड्याला थोडा थोडा वाढवत तो निम्म्याच्या पुढे गेला. इंजिन सुरू होऊ लागलं. आणि घरात तपकिरी बाटलीच्या जागी घट्ट बुचाचा पत्र्याचा डबा आला.

आता हा डबा ठेवायचा कुठे? स्वयंपाकघरात चूल, तिथे नाही. हे बाबा आणि आंतोन दोघांनाही पक्कं समजत होतं, उगाच वेडी नव्हती ती. पडवीत ऊन. खोपटावर पत्रा, तिथे तर भट्टी. ईथरला उष्णता चालत नाही, हाताच्या उबेनेसुद्धा ते उकळायला लागतं, असं सरांनीच बजावलं होतं. घरातली सगळ्यात थंड जागा एकच होती. पुढच्या खोलीत, जाड भिंतीला लागून आमचा अल्तार होता. उंच टेबल, त्यावर क्रूस, मारियामातेची मूर्ती, दोन मेणबत्त्या. टेबलाखाली लाल लादी, भर उन्हाळ्यातही पायाला गार लागणारी. बाबा म्हणाले, ‘इथे ठेव. देवाच्या पायाशी.’ आई म्हणाली, ‘वर मेणबत्त्या आहेत.’ बाबा म्हणाले, ‘मेणबत्ती वर, डबा खाली. आग वर जाते, खाली येते का कधी?’ आंतोन हसला. मीही हसले असेन. आई एवढंच म्हणाली, ‘देवाच्या पायाशी माणसं बसतात.’

हे लिहिताना मला माझ्या बापाचा राग येतो. अजून येतो. एवढा शहाणा माणूस, केळीच्या पानाचा रंग बघून खताचं सांगणारा. पण ईथरची वाफ हवेहून जड असते, ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि जे सांगितलं नाही ते विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला. रोज संध्याकाळी घंटा झाली की आम्ही अल्तारासमोर जमिनीवर गुडघे टेकून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायचो. बाबा सुरुवात करायचे, आम्ही उत्तर द्यायचो. कुणी शब्द घाईने उरकले तर बाबा पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचे. त्या दिवसांत प्रार्थनेला एक विचित्र जडपणा यायला लागला. दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापाशी बाबांचे शब्द ओघळायला लागत, त्यांची मान पुढे पडे. माझ्या डोळ्यांवर झापड यायची. आईचं डोकं दुखायचं, रोज, प्रार्थना संपता संपता. ‘उपास बाधतात तुला,’ बाबा म्हणायचे. आई म्हणायची, ‘उपास मी जन्मभर करते आहे.’ आणि मध्येच, सगळे श्वास घ्यायला थांबले की, टेबलाखालून आवाज यायचा. ‘टक्.’ डब्याचा पत्रा आतल्या वाफेने फुगून वाजायचा. थोड्या वेळाने पुन्हा ‘टक्.’ आई डोळे न उघडता क्रूसाची खूण करायची.  कुणीतरी खाली बसून आतून दारावर टिचकी मारतंय असं मला वाटायचं. पण मोठी माणसं शांत होती, म्हणून मीही शांत राहिले.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला. मे लागला. मे महिना आमच्याकडे मारियामातेचा. देवळातली मूर्ती गावात घरोघर नेतात, रोज एका घरी, संध्याकाळी आळीतली माणसं त्या घरी जमून रोझरी म्हणतात. सणाच्या दोन दिवस आधी आमच्या घराची पाळी होती. सर सणाला यायचे होते. आंतोन सकाळपासून मैदानात होता, विमानाच्या तारा मोजत, ताणत, पुसत.

सकाळीच आईने बजावलं होतं, ‘आज डबा घरातून बाहेर काढा. लोक येणार आहेत.’ बाबांनी बाहेर पाहिलं. ऊन असं होतं की बदकंसुद्धा पाण्याबाहेर येत नव्हती. ‘आता बाहेर काढला तर फुटेल. ऊन उतरलं की काढतो,’ ते म्हणाले. बोलणं चुकीचं नव्हतं. पण दुपारी शेजारची मोनिकामावशी आणि आणखी दोघीचौघी अल्तार सजवायला आल्या. त्यांनी टेबलावर देवळातलं मोठं पांढरं कापड अंथरलं, झालरीचं, चारी बाजूंनी लादीपर्यंत लोळणारं. डबा त्यांनी पाहिला असेल, रॉकेलचा समजून आणखी मागे सरकवला असेल. मोगऱ्याचे गजरे लावले. आणि शोभा म्हणून टेबलासमोर खाली लादीवरही मेणबत्त्यांची एक ओळ मांडली. त्या रोजच्या नव्हत्या. त्या फक्त त्या दिवसापुरत्या होत्या.

मूर्ती आली ती गाणी म्हणत, फुलं उधळत आली. बाबा पुढे धावले, आणि डबा बाहेर काढायचा राहूनच गेला. सगळी खोली भरली, पडवी भरली. मोगऱ्याचा वास इतका दाटला होता की त्याखाली दुसरा वास असेल तर कुणाला कळावा? मला कळला. मी आईकडे पाहिलं. आई कपाळाला हात लावून बाबांना काहीतरी खुणावत होती, पण बाबांची पाठ होती. मोनिकामावशीने खालच्या मेणबत्त्या पेटवल्या. बाबांनी सुरुवात केली. सगळी माणसं गुडघ्यांवर होती, लहान मुलं मांडीवर होती.

दुसरं दशक सुरू झालं आणि टेबलाखालून ‘टक्’ आला नाही. बूच उडाल्याचा आवाज आला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा. झालर आतून फुगल्यासारखी हलली. मग लादीवरून एक निळी रेघ सरसरत गेली. आवाज नाही, धूर नाही. इतकी फिकी की काही लोकांना ती दिसलीही नाही, ते ‘नमो मरिये’ म्हणतच राहिले. पुढच्याच क्षणी पांढरं कापड वरपर्यंत पेटलं.

किंकाळ्या मला आठवत नाहीत. असतीलच. मला बाबा आठवतात. ते सगळ्यांत पुढे होते. ते मागे नाही आले, पुढे झुकले, जळत्या झालरीत हात घातला आणि डबा ओढून बाहेर काढला. डब्याच्या तोंडाशी जाळ होता. तो त्यांनी छातीशी धरला, तान्हं मूल धरतात तसा, कारण दुसऱ्या कशाने धरता येण्यासारखा नव्हता. ‘वाट सोडा! पोरं उचला!’ एवढंच ओरडले. माणसं दोन्हीकडे झाली. मधल्या दारातून, स्वयंपाकघरातून, मागच्या पायऱ्यांवरून ते धावले. डबा हिंदकळत होता आणि ईथर त्यांच्या सदऱ्यावर सांडत होतं. वाटेत त्यांनी तो कुठेही टाकला असता तर त्यांचा जीव वाचला असता. पण वाटेत सगळीकडे माणसं होती.

त्यांना वाटलं पाण्यात टाकला की विझेल. ते डब्यासकट बावखलात शिरले. ईथर पाण्यावर तरंगतं. ते पसरलं, आणि बावखल पेटलं. पाण्यावर निळ्या-पिवळ्या ज्वाळा पसरत गेल्या, बदकं ओरडत काठावर चढली, आणि ज्वाळांच्या खाली माझा बाप होता. मी पाणी जळताना पाहिलं आहे. कुणी मला नरकाचं वर्णन करून घाबरवायला लागलं की मी ऐकून घेते.

आंतोन आरडाओरडा ऐकून मैदानातून धावत आला होता. त्याने कशाचा विचार केला नाही, सरळ उडी मारली आणि बाबांना काखेत धरून काठावर ओढलं. त्याच्या भुवया गेल्या, दोन्ही तळहात भाजले. खोलीतली एक बाई आणि दोन मुलं थोडीशी भाजली, वाचली. घरही वाचलं. पांढरं कापड आणि टेबल गेलं.

बाबा हॉस्पिटलात आठवडाभर होते. तिथेही तोच वास. शुद्धीत होते तेव्हा त्यांनी आईला जवळ बोलावलं. ‘डबा मी ठेवायला लावला. पोराला काही बोलू नकोस,’ म्हणाले. आईने मान हलवली. आणि बाबांचा शब्द तिने असा पाळला की त्या क्षणापासून ती आंतोनशी एक अक्षरही बोलली नाही. रागावली नाही, रडली नाही त्याच्यासमोर. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. बाबा गेले त्या दिवशी त्याने तिचे पाय धरले. तिने पाय हळूच सोडवून घेतले आणि ती पाणी भरायला गेली. आईबापांनी आरडाओरडा करून घरातून हाकललेली मुलं असतात ना, ती सुखी असतात असं मला त्या दिवसांत वाटायचं. आंतोन रात्री पडवीत बसून राहायचा, बावखलाकडे तोंड करून. मी झोपायची नाही. तो उठला की मी उठायची, तो विहिरीपाशी गेला की मी काहीतरी निमित्त काढून मागे जायची. मला पक्कं वाटत होतं की आई अशीच गप्प राहिली तर आमच्या घरातून आणखी एक शवपेटी निघेल. मी आईला तसं सांगितलंही. तिने ऐकलं. मग भांडी घासायला घेतली.

सर दफनाला आले होते. आंतोनच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि संस्थेचं नाव त्यांनी काढलं नाही. लुईसमामा तार मिळताच धावत आला, पण माती झाल्यावर. त्याच्या खिशात मेणकागदात गुंडाळलेला नवा पिस्टन आणि नळी होती. बाबांचं पत्र त्याला मिळालं होतं. त्याने ती पुडी कुणाला दाखवली नाही, हे मला त्याच्या म्हातारपणी त्यानेच सांगितलं.

सातव्या दिवशीच्या प्रार्थनेला लोक आले आणि अंगणात उभे राहिले. त्या खोलीत यायला कुणी तयार नव्हतं. भिंत छतापर्यंत काळी होती. फादर म्हणाले, अंगणातच करू. आई म्हणाली, ‘नाही. आत.’ ती आत जाऊन लादीवर बसली. मग एकेक करून लोक आले, दाराच्या जवळ जवळ बसले. जळक्या भिंतीशी एक स्टूल, त्यावर क्रूस आणि एकच मेणबत्ती, न पेटवलेली. मोनिकामावशीने मेणबत्तीकडे पाठ फिरवली होती. फादरांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी पुढे होईना. आमच्याकडे मृताच्या घरची मेणबत्ती घरातला कर्ता पुरुष पेटवतो. आमच्या घरातला कर्ता पुरुष पडवीत उंबऱ्याबाहेर उभा होता, दोन्ही हात पट्ट्यांत, आणि आत पाऊल टाकत नव्हता.

आई उठली. स्टुलावरची काड्यापेटी तिने घेतली आणि माणसांमधून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेली. आंतोन मान हलवत मागे सरला. ‘नको, आई. मी नाही. मला जमणार नाही.’ ती तशीच उभी राहिली. मग तिने त्याचं मनगट धरलं, पट्टीच्या वर, जिथे भाजलं नव्हतं तिथे, आणि त्याला आत आणलं. त्याच्या पट्टीतून बाहेर आलेल्या दोन बोटांत काडी दिली. पेटी तिने स्वतः धरली, दोन्ही हातांनी घट्ट, कारण त्याला ती धरता येत नव्हती. पहिली काडी मोडली. दुसरी त्याच्या हातून पडली.  आईने तिसरी काढून दिली. ती पेटली. दोघांनी मिळून ती मेणबत्तीच्या वातीला लावली.

त्याने फुंकर मारून काडी विझवली आणि तो रडायला लागला, मोठमोठ्याने. आईने त्याला रडू दिलं. मग ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, ‘सुरू कर, आंतोन. सावकाश म्हण. बाबांना घाई चालायची नाही.’